चार बोटांचा उंबरा

बाथरूमचा उंबरा चार बोटं उंच होता. चंद्रभागाबाई ओव्हाळांनी तो कधी मोजला नव्हता, मोजायचं कारणच पडलं नव्हतं. खडकीचं क्वार्टर सोडून बोपोडीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात कपड्यांची बादली घेऊन, कुकरची शिट्टी झाली म्हणून साबणाच्या हातांनी धावत, त्या हजारदा तो ओलांडून गेल्या असतील. मग माघात सुखदेवरावांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, आणि चार बोटं म्हणजे किती ते घराला कळलं.

सुखदेवराव दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. छत्तीस वर्षांची नोकरी, घड्याळाच्या काट्यावर चाललेली. माणूस बोलायला कमी आणि अंगाने दणकट. दवाखान्यातून घरी आले तेव्हा वाचा शाबूत होती, उजवा हात-पाय शाबूत होता, डावा हात मात्र कोपरात मुडपून छातीशी आलेला आणि डावा पाय जमिनीवरून ओढत चाललेला. काठी टेकत हॉलमधून बाथरूमपर्यंत ते जात. तिथे उंबरा.

नऊ वाजता व्यायाम घ्यायला एक मुलगी येई, पाऊण तास हात-पाय हलवून घेई आणि जाई. घामाने बनियन ओलं होई, म्हणून दहाला आंघोळ. ती अशी. चंद्रभागाबाई आधी आत जाऊन उभ्या राहायच्या, एक पाय आत, एक बाहेर. सुखदेवराव उजवा हात त्यांच्या मानेभोवती टाकायचे.

"उजवा घ्या. घेतला? थांबा. आता डावा."

डावा पाय यायचा नाही. बोटं उंबऱ्याच्या कडेला अडायची. मग चंद्रभागाबाई वाकून तो पाय हाताने उचलायच्या, आणि त्या वाकलेल्या असताना ऐंशी किलोचा माणूस त्यांच्या मानेवर असायचा. एवढं झालं की प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायचं, पाणी घालायचं, साबण लावायचा, पाठ चोळायची. यांची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मग तीच सगळी कसरत उलटी, आणि आता ओल्या पायांनी. पुसणं, पावडर, कपडे चढवणं, पलंगावर टेकवणं. हे उरकून घड्याळाकडे पाहावं तर पावणेबारा, आणि तांदूळ अजून डब्यात.

त्यात बाथरूमला फरशी कशी, तर आरशासारखी. हे घर घेतलं तेव्हा तिथे खरबरीत करडी फरशी होती. अनिरुद्धची, म्हणजे मुलाची, हिंजवडीतली नोकरी कायम झाली त्या आनंदात त्याने ती काढून मोतिया रंगाची चकचकीत टाइल बसवली होती. चंद्रभागाबाईंनी तेव्हा शेजारच्या शैलाला हाताला धरून नेऊन ती दाखवली होती. आता त्याच टाइलवर पाणी पडलं की त्या आधी फडकं शोधायच्या. त्यांनी गव्हाचं रिकामं पोतं अंथरून पाहिलं. ते पाणी पिऊन जड झालं आणि पायाखालून सरकलं. उलट वास मारायला लागलं ते वेगळंच.

ज्येष्ठात व्हायचं ते झालं. बाहेर येताना सुखदेवरावांचा तोल गेला आणि त्यांनी हाताला लागलं ते धरलं. हाताला लागली टॉवेलची दांडी. टॉवेलची दांडी टॉवेलासाठी असते. ती स्क्रूसकट भिंतीतून उपटून आली आणि दांडी हातात घेऊनच ते चंद्रभागाबाईंच्या अंगावर कोसळले. दोघं खाली. आवाज ऐकून शैला धावत आली, पण बाथरूमचं दार आत उघडणारं आणि दाराला लागून हे पडलेले. ती बाहेरून ढकलतेय, दार यांच्या गुडघ्याला लागतंय.

"काकू, बाजूला व्हा ना!"

"होता आलं असतं तर पडून राहिले असते का गं?"

शेवटी चंद्रभागाबाईंनी बसल्या बसल्या नवऱ्याचे पाय एकेक करून ओढले तेव्हा दार वीतभर उघडलं. हाड कुणाचं मोडलं नाही. चंद्रभागाबाईंची कंबर मात्र त्या दिवसापासून बोलू लागली, आणि सुखदेवराव बोलायचे बंद झाले.

आंघोळच नको म्हणाले. "पुसून घे," एवढंच. पलंगावर रबरी कापड टाकून त्या ओल्या फडक्याने अंग पुसायच्या. पंधरा दिवसांत मुडपलेल्या हाताच्या काखेत कातडी लाल झाली, मग ओली झाली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि वर म्हणाले, "मलमाने होईल, पण अंगावर पाणी पडू द्या, मावशी. पुसून माणूस स्वच्छ होत नाही." म्हणजे पुन्हा बाथरूम. पुन्हा तो उंबरा, तीच टाइल आणि मानेवर तोच हात. फक्त आता दोघांनाही ठाऊक होतं की आपण पडू शकतो.

एवढ्यात आषाढी पौर्णिमा आली. वर्षावास सुरू झाला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विहारात तीन महिने रोज सकाळी दहा ते अकरा बायकांचं ग्रंथवाचन असायचं. आधी वंदना, मग त्रिसरण-पंचशील, मग यमुनाबाई चष्मा पुसून वाचायला घ्यायच्या. क्वार्टरमध्ये होत्या तेव्हाही चंद्रभागाबाई खडकीहून चालत येत. एकोणीस वर्षांत त्यांचा वर्षावासाचा एक दिवस चुकला नव्हता. अनिरुद्धला कावीळ झाली तेव्हा त्याला आपल्या बहिणीजवळ ठेवून आल्या होत्या. संसार उरलेल्या तेवीस तासांचा. हा एक तास त्यांचा. पांढरी साडी नेसून सतरंजीवर बसलं की त्यांना कुणी हाक मारत नसे, तेवढ्यात काही उतू जात नसे.

यंदा पौर्णिमेला त्यांनी साडी काढून ठेवली आणि दहा वाजता नवऱ्याचा डावा पाय उचलला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी साडी घडी घालून पुन्हा कपाटात गेली. यमुनाबाईंनी निरोप पाठवला, "येत का नाही? वाचनाची वेळ बदलू का?" वेळ बदलून काय होणार होतं! आंघोळ तासभर मागे नेली की जेवण मागे, गोळ्या मागे, झोप मागे. आणि खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आंघोळीनंतर त्यांच्या अंगात विहाराच्या पायऱ्या चढण्याइतकंही त्राण उरत नसे. पंचशील त्या भात शिजताना म्हणत. म्हणता म्हणता तिसऱ्या शीलावर थांबत आणि पुढचं आठवत नसे. चाळीस वर्षं पाठ असलेलं.

अनिरुद्ध आणि सून मैत्री वाकडला राहायचे. दर रविवारी येत. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीवर एक वस्तू सुचायची. त्या रविवारी त्याने बॅगेतून पांढरं हँडल काढलं. दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या.

"आई, ड्रिलिंग वगैरे काही नाही. फक्त प्रेस करायचं. व्हॅक्यूम आहे. जर्मन टेक्नॉलॉजी."

त्याने ते टाइलवर दाबलं. चिकटलं. सगळे बघत उभे राहिले. चहा होईपर्यंत ते भिंतीवर होतं. पहिल्या घोटाला आतून टपकन आवाज आला.

सुखदेवरावांनी कपातून मान वर न करता विचारलं, "पडलं?"

"बाबा, टाइल थोडी ओली असेल."

"जर्मनीत कोरडं करून आंघोळ करत असतील."

मैत्रीला हसू आलं, तिने ते पदरात लपवलं. मग तीच म्हणाली, "आई, तुम्ही स्वतःसाठी थोडा वेळ काढायला हवा."

"कुठून काढू गं? सांग, काढते."

अनिरुद्धने कप खाली ठेवला. त्याला जे बोलायचं होतं ते तो तीन रविवार घेऊन फिरत होता. वाकडच्या पुढे एक सेंटर झालंय. माणसं असतात, बायका असतात, उचलून बसवायला पट्टे असतात. बाबा तिथे राहतील, आई आमच्याकडे. कायमचं नाही, बघू म्हणून.

"आई, तू पडलीस तर तुम्हा दोघांना कोण बघणार? मला ऑफिसात फोनची रिंग वाजली तरी धडकी भरते. दिवाळीपर्यंत काहीतरी ठरवू या."

मुलगा खोटं बोलत नव्हता. सुखदेवराव खिडकीबाहेर पाहत होते. सगळे गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला तिकडे आंघोळ कोण घालणार? बायका?"

"असतील. शिकलेल्या असतात त्या."

"शिकलेल्या," ते म्हणाले, आणि कूस बदलायला त्यांनी हात मागितला.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाईंनी दत्तोबाला बोलावलं. दत्तोबा मुळशीकडचा गवंडी. शैलाच्या मोरीचं काम त्याने केलं होतं. माणूस कामाला पक्का आणि जिभेला तिखट.

"हा उंबरा फोडून टाका," त्या म्हणाल्या.

दत्तोबाने मगभर पाणी फरशीवर ओतलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. पाणी जाळीकडे जायचं सोडून हळूहळू दाराकडे आलं आणि उंबऱ्याला लागून साचलं.

"बघितलं का? बिल्डरानं उतार दाराकडं दिलाय. उंबरा हाय म्हणून तुमचा हॉल कोरडा हाय. फोडला तर पलंगावरनं होडी सोडा."

"मग उतार नीट करा."

"करतो की. सगळी फरशी उखडायची, खालचं वॉटरप्रूफिंग नव्यानं. पंधरा दिवस बाथरूम बंद. आन् खालच्यांच्या छताला घाम फुटला की ते वर येणार भांडायला. झेपंल?"

झेपणार नव्हतं. चंद्रभागाबाई तिथेच भिंतीला टेकल्या. दत्तोबाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग भिंतीतली ती दोन भोकं पाहिली.

"हितं काय होतं?"

"टॉवेलची दांडी."

"टाइलीत ठोकलेली. टाइल म्हंजी भिंतीचा पापुद्रा, ताई. वजन घ्यायचं तर विटंत जायला पायजे." त्याने सुखदेवरावांना धरून आत आणलं आणि स्टुलावर बसवलं. "काका, स्टुलावरनं उठताना हात कुठं जातो तुमचा? उठून दाखवा. न्हाय न्हाय, मला बघून नका उठू, रोजच्यासारखं उठा."

सुखदेवराव उठले. दत्तोबाने हवेत गेलेल्या हाताखाली आपली मूठ धरली आणि दुसऱ्या हाताने पेन्सिलीची खूण भिंतीवर केली. असं तीन ठिकाणी. स्टीलचा जाड पाइप आणायचा, एक आडवा, एक दाराशी उभा, विटेत चार बोटं खोल. आणि दार काढून बाहेर उघडेल असं फिरवायचं. "माणूस आत पडला तर बाहेरच्याला शिरता आलं पायजे," तो म्हणाला. हे चंद्रभागाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"आणि उंबऱ्याचं?"

"उंबऱ्याचं माझ्याकडं औषध न्हाय."

दोन दिवसांत पाइप बसले. दार चौकटीतून काढून दत्तोबा बिजागऱ्या बदलायला घेऊन गेला. जाताना त्याने बजावलं, "दोन दिवस पाइपाला कुणी हात लावायचा न्हाय. सिमेंट धरू द्या. काकांना तर दाराशीसुद्धा येऊ दिऊ नका, सवयीनं धरतील."

आता दार नाही तर अडवायचं कशाने? क्वार्टरमधून आणलेलं एक अरुंद लाकडी बाकडं गॅलरीत पडलं होतं, त्यावर लोणच्याच्या बरण्या असत. चंद्रभागाबाईंनी बरण्या उतरवल्या आणि बाकडं ओढत आणून दारात लांबट सरकवलं. निम्मं आत, निम्मं बाहेर, उंबरा मधोमध पोटाखाली. एका अंगाला ते चौकटीला टेकलं, दुसऱ्या अंगाला हातभर जागा राहिली. झालं. त्या पोळ्या लाटायला गेल्या.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. सुखदेवराव पाइप बघायला आले असणार. आवाज थांबला. बाकडं करकरलं, म्हणजे बसले. चंद्रभागाबाईंनी पोळी उलटली.

"चप्पल!" सुखदेवराव ओरडले.

काय झालं म्हणून त्या लाटणं हातात घेऊन धावल्या. सुखदेवराव बाकड्यावर बसले होते. उजवा पाय उंबऱ्याच्या आत होता, पण टेकलेला नव्हता. गुडघ्यातून उचलून त्यांनी तो टाइलवर वीतभर अधांतरी धरला होता. बाहेर त्यांची एक चप्पल काढून नीट भिंतीशी लावलेली.

"आतली चप्पल कुठाय?"

"आतली कुठली? काय बोलताय?"

"अगं, पाय टेकायचा नाही ना तसा! आतली चप्पल पाहिजे!"

चंद्रभागाबाईंना वाटलं, आता डोक्यावरूनही वारं गेलं. त्यांनी घाबरून आपल्या पायातली रबरी चप्पल काढली आणि त्या पायाखाली सरकवली. पाय तिच्यावर टेकला. मग सुखदेवरावांनी बुड आत सरकवलं, उजव्या हाताने डाव्या पायाची पोटरी धरली, पायातली चप्पल झटकून बाहेरच टाकली, पाय उचलला, उंबऱ्यावरून आत आणला आणि हवेत धरून बायकोकडे पाहिलं. त्यांनी दुसरी चप्पल सरकवली.

सुखदेवराव आत होते. मानेवर हात नाही, डावा-उजवा नाही. स्वतःच चकित होऊन ते आपल्या पायांकडे बघत होते.

"हे कुठे शिकलात?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

कारखान्यातलं घरी बोलायचं नाही ही छत्तीस वर्षांची सवय. ती एकदम सुटत नाही. मग तुटक तुटक बोलले. त्यांच्या सेक्शनमध्ये, जिथे दारू भरायची, तिथे आत जायच्या खोलीत एक आडवी फळी होती, लाल रंगाची, गुडघ्याएवढी. अलीकडे बाहेरची माती, पलीकडे स्वच्छ. बाहेरच्या बुटाला खिळा असला, वाळूचा कण असला, तर ठिणगी पडायची. म्हणून फळीवरून ढांग टाकून जायचं नाही. फळीवर बसायचं, बूट अलीकडे काढायचा, पाय उचलून पलीकडे न्यायचा आणि तिकडचा बिनखिळ्याचा बूट घातल्याशिवाय जमिनीला लावायचा नाही. मग दुसरा पाय. आत जाताना तसं, बाहेर येताना तसं. जेवणाच्या सुट्टीला पुन्हा.

"दिवसातून चार वेळा. एकदा सीतारामने घाईत मोजा टेकवला होता. सुपरवायझरने आठ दिवस बाहेर बसवला."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय त्यात? पाय उचलायचा, ठेवायचा."

चंद्रभागाबाई लाटणं घेऊन उभ्याच राहिल्या. छत्तीस वर्षं त्यांनी या माणसाचा डबा भरला होता, आणि रोज सकाळी तो कशावर बसून कुठे पाय टाकतो, ते त्यांना आज बाथरूमच्या दारात कळत होतं. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा त्या हलल्या. "पाइपाला हात लावू नका," एवढं मागे वळून सांगितलं.

दत्तोबा दार घेऊन आला तर दारात बाकडं. त्याने सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं आणि डोकं खाजवलं.

"छत्तीस वर्षांची नोकरी आन् पेन्शनीत काय मिळालं, तर हे. बेस हाय." मग गुडघ्यावर बसून त्याने बाकडं हलवून पाहिलं. आतली फरशी बोटभर खाली होती, त्यामुळे ते डुगडुगत होतं. त्याने आतल्या दोन पायांखाली लाकडाचे ठोकळे जोडले, चारी पायांना रबराचे बूच घातले आणि कडा रंधा मारून गोल केल्या. दार बाहेर उघडणारं झालं, पण बाकडं आत-बाहेर असताना ते लागणार कसं?

"पडदा लावा," दत्तोबा म्हणाला.

"पडदा?" सुखदेवराव म्हणाले. "मी काय ट्रायल रूममध्ये चाललोय?"

"अहो, घरात आपण दोघंच," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"दोघं आहोत म्हणूनच म्हणतोय."

पडदा लागला. जुन्या चादरीचा, निळ्या फुलांचा. रबरी तळ खरबरीत असलेल्या चपलांचा नवा जोड आला, फक्त आत राहायला. अनिरुद्धला फोनवर सांगितलं, तर तो रविवारी लांब नळीचा हातातला शॉवर घेऊन आला आणि या वेळी त्याने दत्तोबाकडून बसवून घेतला. गीझरचं पाणी एकदम कढत येतं म्हणून तो स्वतः मनगटावर पाणी घेत तासभर तिथे बसला आणि नळ किती फिरवायचा तिथे नेलपॉलिशची खूण केली. मैत्रीच्या नेलपॉलिशची. सेंटरचं त्याने काढलं नाही. पण दिवाळी अजून लांब होती, आणि न काढलेली गोष्ट खोलीत असतेच.

पहिल्या दिवशी सुखदेवराव बाकड्यावर बसले, आत सरकले आणि म्हणाले, "पडदा सोड."

"मी इथेच आहे."

"अस. पण पडदा सोड."

चंद्रभागाबाई पडद्याबाहेर स्टुलावर बसल्या. पाणी सुरू झालं. साबणदाणी खाली पडली. त्यांनी पडद्याची कड धरली.

"येऊ नकोस."

"आले नाही."

"पडद्याखाली पाय दिसतायत तुझे."

त्यांनी पाय मागे घेतले. पाणी बंद झालं, पुन्हा सुरू झालं. मग बराच वेळ काहीच नाही. चंद्रभागाबाई स्टुलाच्या कडेला सरकल्या. आतून सुखदेवरावांचा घसा खाकरण्याचा आवाज आला, नोकरीवर असताना आंघोळीत खाकरायचे तसा. पाऊण तासाने ते बाहेर आले. डाव्या कानामागे साबणाचा फेस तसाच. चंद्रभागाबाईंनी तो पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. दुपारी झोपल्यावर पुसला.

आठ दिवस त्या तशाच बाहेर बसल्या. एके दिवशी डावी चप्पल आत निसटली आणि सुखदेवराव पाय अधांतरी धरून, पाइपाला लटकून, त्यांना हाक मारत राहिले. पण टेकवला नाही. एके दिवशी पाणी गेलं आणि डोक्यावर साबण घेऊन बसून राहिले. पडले मात्र नाहीत. नवव्या दिवशी शैला तिची निवडायची मेथी घेऊन आली आणि स्टुलावर बसली.

"काकू, जा तुम्ही. काका, मी आहे हो बाहेर! पडद्याकडे पाठ करून बसलेय!"

"बस. भाजीत अळी बघ नीट," आतून आवाज आला.

चंद्रभागाबाई साडी बदलायला गेल्या. पांढऱ्या साडीला कपाटाचा वास बसला होता. जिना उतरताना कंबर प्रत्येक पायरीला बोलली. दोनदा थांबून त्यांनी वर कानोसा घेतला. कुणी हाक मारत नव्हतं. रस्त्यावर आल्यावर त्यांना कळेना की हात कुठे ठेवायचे, कारण हातात काहीच नव्हतं.

विहारात वंदना सुरू झाली होती. यमुनाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि डोळ्यांनीच जागा दाखवली. चंद्रभागाबाई मागे भिंतीशी बसल्या. पंचशील म्हटलं. पाचही, न अडखळता. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. यमुनाबाईंनी पान उघडलं, खुणेची दोरी बाजूला केली आणि वाचायला घेतलं. आवाज तोच, थोडा अनुनासिक, प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. चंद्रभागाबाईंनी पहिली दोन वाक्यं ऐकली.

जाग आली तेव्हा कुणीतरी सतरंजी गुंडाळत होतं. त्या बसल्या होत्या तेवढा तुकडा सोडून बाकीची गुंडाळून झाली होती. बायका गेल्या होत्या. यमुनाबाई दारात चपला शोधत होत्या.

"उठवायचं नाहीत का?" चंद्रभागाबाई ओशाळून म्हणाल्या.

"कशाला? घोरत नव्हतीस. तोंड उघडं होतं तेवढं." त्यांनी चप्पल पायात सरकवली. "उद्या ये."

घरी आल्या तर शैला मेथी घेऊन निघत होती. "सगळं ठीक, काकू. पण बनियन उलटं घातलंय, मी काही बोलले नाही." सुखदेवराव पलंगावर टेकून बसले होते. केस ओले, भांग वाकडा, बनियन खरंच उलटं. बाथरूमपासून पलंगापर्यंत पाण्याचे थेंब पडले होते.

"काय वाचलं आज?" त्यांनी विचारलं.

चंद्रभागाबाईंनी फडकं घेतलं आणि थेंब पुसायला वाकल्या. "माहीत नाही. झोपले होते."

"म्हणजे? तिथे जाऊन झोपलीस?"

"हो."

"झोपायचंच होतं तर घरी काय वाईट होतं?"

"घरी तुम्ही होता."

सुखदेवराव हसले. ओठांची डावी बाजू साथ देत नव्हती, म्हणून ते हसणं एका बाजूनेच आलं. चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून हळूहळू उभ्या राहिल्या, फडकं पिळलं आणि बाकड्यावर वाळत टाकलं. साडेअकरा झाले होते. तांदूळ धुवायचे होते.

"उद्या जाणारेस?"

"जाणार आहे."

"झोपायला?"

"बघू," त्या म्हणाल्या, आणि तांदळाचा डबा उघडला.